घाटात बंद ठेवलेलं इंजिन

उतार लागला की गाडी बंद करायची, ही माझी जवळजवळ चाळीस वर्षांची सवय. नोकरी खडकीला होती आणि घर सदाशिव पेठेत, त्यामुळे रोज स्कूटर. पुलाचा चढ संपला की मी स्कूटर न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन बंद करायचो आणि ती पुढच्या सिग्नलपर्यंत आवाज न करता घरंगळत जायची. कुठल्या उतारावर किती वेग मिळतो, कुठे झोकांडी न खाता वळता येतं, कुठल्या स्पीडब्रेकरला गाडी अडते, हे सगळं मला पाठ होतं. जेवणाच्या सुट्टीत गाड्यांच्या ॲव्हरेजवरून गप्पा निघायच्या. माझा आकडा ऐकून बाकीचे म्हणायचे, "पेट्रोल भरतोस की नुसता वास देतोस?" मला ते आवडायचं.

एरवी मी हात आखडणारा माणूस नाही. पैशांसाठी मी हे करत होतो असंही नाही. इंजिन बंद असताना गाडी पळते आहे आणि आपण काहीच खर्च करत नाही, यात मला एक सुख मिळायचं. त्या सुखाला मी हुशारी समजत होतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही एक लहान गाडी घेतली. बायको कात्रजच्या घाटापलीकडे एका गावातल्या शाळेत शिकवते. वीसबावीस वर्षं ती स्वारगेटहून एसटीने जायची आणि यायची. पंचावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने ठरवलं की आपण गाडी शिकायची. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली, लायसन्स काढलं. पण पेठेतल्या गल्लीतून गाडी बाहेर काढणं आणि घाट उतरणं हे मी शिकवलं. महिनाभर मी तिच्या शेजारी बसून रोज शाळेपर्यंत गेलो आणि संध्याकाळी पुन्हा तिला आणायला गेलो.

ती चांगली शिकली. माझ्यापेक्षा चांगली म्हणायला हवं, कारण ती घाबरत नव्हती आणि घाईही करत नव्हती. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरायची. मीच तिला म्हणालो, "एवढा मोठा उतार आहे, इंजिन कशाला फिरवतेस? बोगद्याच्या अलीकडे वर आलीस की न्यूट्रल कर आणि बंद कर. थेट खालपर्यंत येशील."

"बंद गाडी?" ती म्हणाली.

"हो. फक्त किल्ली पूर्ण मागे फिरवायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. एक खटका मागे. दिवे चालू राहतात बघ."

तिने दोन दिवस माझ्यासमोर करून पाहिलं. तिला ते आवडलं नाही. "गाडी हातात राहत नाही असं वाटतं," ती म्हणाली. मी म्हणालो, सवय होईल.

किल्लीचं मी सांगितलं. ब्रेकचं सांगितलं नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक पहिल्या दोन-तीन वेळा नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल दगडासारखं घट्ट होतं. त्यामागे जोर द्यायला इंजिन सुरू असावं लागतं. हे मला माहीत होतं. कारण त्याच घाटात एकदा माझंच पेडल घट्ट झालं होतं आणि मी दोन्ही पायांनी दाबून, हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी वळणाच्या आत ठेवली होती. त्या दिवशी मी एकटा होतो. घरी येऊन कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून ब्रेक कमी वापरायला लागलो, एवढंच. तिला सांगितलं असतं तर तिने न्यूट्रलमध्ये उतरणं सोडून दिलं असतं, आणि ते मला नको होतं. यापेक्षा मोठं कारण मला आजही देता येत नाही.

गाडीत ॲव्हरेज दाखवणारा छोटा पडदा होता. ती संध्याकाळी घरी आली की मी चहा ओतता ओतता विचारायचो, "आज किती?" ती आकडा सांगायची. चांगला असला तर मी मान हलवायचो. शाळेत दिवसभर मुलांना मार्क देणारी बाई घरी येऊन माझ्याकडून मार्क घ्यायची. तेव्हा मला यात गंमत वाटायची.

त्या आठवड्यात आकडा दोनदा उतरला होता. बुधवारी मी म्हणालो, "पेट्रोलपंपवाल्याला पगार चालू केलास का?" ती कप उचलून आत गेली.

गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला तिचा फोन आला. तिचा आवाज अगदी शांत होता, वर्गात हजेरी घेतानाचा असतो तसा.

"अहो, माझ्याकडून एका बाईंना धडक बसलीय. घाट संपतो तिथल्या वळणावर. तुम्ही या."

मी स्कूटर काढून निघालो. सातारा रस्त्यावरच्या गर्दीतून पोचायला पाऊण तास लागला. तोवर त्या बाईंना रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं. त्यांची स्कूटी आडवी पडलेली, फुटलेल्या आरशाच्या काचा रस्त्यावर. आमच्या गाडीला पुढे एक लहानसा पोचा. बायको कठड्यावर बसली होती. कुणीतरी तिला पाण्याची बाटली दिली होती, ती तिने उघडली नव्हती.

एक हवालदार होते. ते म्हणाले, "काका, गाडी जरा बाजूला घ्या, ट्रॅफिक अडलंय."

मी आत बसलो. गाडी न्यूट्रलमध्ये होती. किल्ली एक खटका मागे, मी शिकवली होती तशी. पडदा चालू होता आणि त्यावर त्या दिवसाचा आकडा होता. तो पाहून माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी आजवर शब्दांत मांडलेलं नाही. मनात आलं, आज चांगला आला. क्षणभरच. मग मी घाईने गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि बाजूला घेतली. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, हा माणूस सांगितलेलं काम करतो आहे. मी पुरावा पुसत होतो.

चौकीत हवालदारांनी तिला विचारलं, "बाई, एवढी वळणावर उभी असलेली स्कूटी दिसली नाही का?"

"दिसली."

"मग ब्रेक?"

"लागला नाही वेळेवर," ती म्हणाली. "माझा पाय चुकला असेल."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हवालदारांनी लिहून घेतलं. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही गाडीत नव्हतात ना?" मी म्हणालो, "नाही." ते खरं होतं.

त्या बाई धनकवडीत राहायच्या. वय चाळीसच्या आसपास. घरातूनच डबे चालवायच्या. आसपास खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी आणि नोकरी करणारी मुलं त्यांच्याकडून डबा घेत. घरी त्या आणि कॉलेजात जाणारी मुलगी, दोघीच. त्या संध्याकाळी फोन आला म्हणून त्या वळणावर स्कूटी कडेला घेऊन उभ्या होत्या. उजव्या मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन करून प्लेट बसवली. दवाखान्याचा खर्च विम्यातून झाला आणि पुढे कोर्टात बायकोने चूक कबूल करून दंड भरला. कागदोपत्री प्रकरण तिथे संपलं.

गाडी गॅरेजला नेली तेव्हा पोचा काढायच्या आधी मी ब्रेक तपासायला सांगितले. मेकॅनिकने चाकं उघडून पाहिली, गाडी चालवून पाहिली. म्हणाला, "काका, ब्रेकला काही झालेलं नाही. इंजिन बंद होतं का?"

मी म्हणालो, "का?"

"घाटातून येतात ना लोक बंद करून, म्हणून विचारलं. पेडल घट्ट होतं मग." हात पुसत तो पुढे म्हणाला, "त्यातून या नव्या गाड्यांना काही वाचतही नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की गाडी स्वतःच पेट्रोल तोडते. बंद करून जेवढं वाचतं तेवढं गिअरमध्येही वाचतं. फुकटचा जीवाशी खेळ."

मी त्याला सांगितलं नाही की गाडी बंद होती. पोचा काढून घेतला आणि घरी आलो. बायकोला सांगितलं, "ब्रेक ठीक आहेत म्हणाला." ती म्हणाली, "बरं." आता विचार करतो तेव्हा ही दोन वाक्यं मला सगळ्यांत जास्त टोचतात. ब्रेक ठीक आहेत याचा अर्थ तिने काय घ्यायचा होता? तिचाच पाय चुकला, हाच ना? पेडल घट्ट का झालं ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. जोर कमी पडला तो आपलाच, असं ती धरून चालली होती आणि मी तिला तसंच धरू दिलं.

त्यानंतर तिने गाडी चालवली नाही. पुन्हा स्वारगेट, पुन्हा एसटी.

दिवाळीला सगळे आमच्याकडे जमले. माझा धाकटा भाऊ बोलण्यात तिखट आहे. फराळाची ताटली हातात घेत म्हणाला, "वहिनी, घाटात ब्रेकला सुट्टी दिली होतीत म्हणे?" सगळे हसले. तीही हसली. कुणीतरी म्हणालं, पंचावन्नाव्या वर्षी शिकायची हौस कशाला. मी चकलीचा डबा फिरवत होतो. तो पुढच्याच्या हातात दिला आणि गप्प बसलो. एवढ्या माणसांत ते बोलायची जागा नाही, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे तीच जागा होती.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी ती साडेसहालाच साडी नेसून तयार झाली. कुठे निघालीस, विचारलं तर म्हणाली, "धनकवडीला. काल फोन केला होता मी. त्या बाईंना हातामुळे पोळ्या लाटता येत नाहीत. मुलीला जमत नाहीत, कच्च्या राहतात. निम्मे डबे बंद झालेत. मी जाऊन लाटून देते."

"रोज?"

"हात बरा होईपर्यंत."

ती गेली. सुट्टी संपली तरी जात राहिली. तिची शाळा अकराची. सहाला घरातून निघायची, नऊ-सव्वानऊपर्यंत पोळ्या लाटायची आणि तिथूनच कात्रजला जाऊन पुढची एसटी पकडायची. दिवसाला दीडशे-पावणेदोनशे पोळ्या. तिच्या गुडघ्यांसाठी गाडी घेतली होती, आणि ती रोज अडीच तास ओट्याशी उभी राहत होती. मी म्हणालो, निदान मी सोडतो. मग मी तिला स्कूटरवरून सोडायला लागलो. इमारतीच्या खाली उतरवायचो आणि परत फिरायचो. वर कधी गेलो नाही. "वर या की," ती एकदा म्हणाली. मी म्हणालो, बायकांच्या स्वयंपाकघरात माझं काय काम.

परतताना उतारावर स्कूटरचं इंजिन बंद करायला माझा हात आपोआप जायचा. मी तो आवरायचो. कधी आवरायचा राहून जायचा.

जानेवारीत एका सकाळी ती फाटकातून आत जाताना पाहिली. दोन पायऱ्या चढून ती थांबली, कठडा धरला, गुडघ्यावर हात ठेवून मिनिटभर तशीच उभी राहिली आणि पुन्हा चढायला लागली. मी मागून पाहतो आहे हे तिला माहीत नव्हतं. मी स्कूटर स्टँडला लावली आणि तिच्या मागोमाग गेलो.

दार उघडंच होतं. लहान स्वयंपाकघर, जमिनीवर डब्यांची रांग. बायको परातीशी उभी होती. त्या बाई डाव्या हाताने भाजी हलवत होत्या. उजवा हात पोटाशी धरलेला, मनगटावर लांब व्रण. मला पाहून त्या म्हणाल्या, "या काका. बसा. आज वर आलात?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलू शकलो नसतो.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या दिवशी हिचा पाय चुकला नव्हता. गाडी बंद होती. घाटात बंद करून उतरायची हे मी हिला शिकवलं, पेट्रोल वाचावं म्हणून. बंद गाडीचा ब्रेक घट्ट होतो. मला ते माहीत होतं. माझ्यावर एकदा वेळ आली होती. मी हिला सांगितलं नव्हतं."

बायकोचं लाटणं थांबलं. बाईंनी गॅस बारीक केला. त्यांना राग आला होता की नाही ते मला कळलं नाही.

"किती महिने झाले?" त्यांनी विचारलं.

"चौथा चालू आहे."

"दिवाळीपासून बाई माझ्याकडं उभ्या राहून लाटत्यात. आणि तुम्ही खाली सोडून जाता." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मग बाईंना कशाला पाठवलं काका? तुम्हीच यायचं होतं."

मी म्हणालो, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "हां." आणि गॅस मोठा करून पुन्हा भाजीकडे वळल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही मागितली नव्हती. बायकोने पुढची पोळी तव्यावर टाकली. मी खाली येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो आणि ती येईपर्यंत हललो नाही.

सव्वानऊला ती आली. मी म्हणालो, कात्रजपर्यंत सोडतो. ती मागे बसली. चौकात उतरल्यावर ती लगेच गेली नाही.

"पेडल घट्ट होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला वाटत होतं माझ्या पायात जोर राहिला नाही. रोज रात्री झोपताना पाय दाबून बघायचे मी, किती जोर लागतो ते." तिने पर्स खांद्यावर सरकवली. "बंद करायला तुम्ही शिकवलंत, ते मला चौकीत सांगता आलं असतं. पण चालवत मी होते. मला वाटलं, तुम्ही बोलाल. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. मग दिवाळीत वाटलं, आता बोलाल."

एसटी आली आणि ती चढली. खिडकीतून तिने पाहिलं की नाही ते मला दिसलं नाही. मी मान वर केली नव्हती.

त्याच रविवारी मी भावाकडे गेलो. त्याची बायको, मुलगा, सून सगळे होते. मी सरळ सांगितलं, घाटातली चूक माझी होती, कशी होती तेही सांगितलं. भाऊ शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, वहिनींची बाजू घेतोस ते बरोबरच आहे. घ्यायलाच हवी. पण आम्हाला कशाला गुंडाळतोस?" मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "अरे हो, कळलं. आता नाही चेष्टा करणार." सुनेने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "काका किती काळजी घेतात ना काकूंची." चार महिने उशिरा सांगितलेलं खरं त्यांना चांगुलपणा वाटला. मी कितीही सांगितलं तरी ते तसंच राहिलं. आजही आमच्या घरात ती गोष्ट निघते तेव्हा बायकोच्याच नावावर निघते, आणि वर माझं कौतुक होतं.

मार्चपर्यंत ती धनकवडीला जात राहिली. मी सोबत वर जायला लागलो. पोळ्या मला येत नाहीत. मी कांदे चिरायचो, डबे पुसून लावायचो. बाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. त्यांचं मनगट पूर्ण वळत नाही, डॉक्टर म्हणाले आता एवढंच राहणार. पोळ्यांसाठी त्यांनी शेजारच्या एका बाईंना लावलं, स्वतः भाजी-आमटी बघतात. डबे बरेचसे परत आले, सगळे नाही.

यंदा त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. त्या स्वतः पत्रिका द्यायला घरी आल्या. बायको शाळेत होती, दार मी उघडलं. मी बसा म्हणालो, चहा करतो म्हणालो. त्या म्हणाल्या, घाई आहे. पत्रिका माझ्या हातात दिली. वर फक्त बायकोचं नाव होतं, पुढे 'बाई' असं डाव्या हाताने लिहिलेलं, जरा तिरकं.

"बाईंना नक्की यायला सांगा," त्या म्हणाल्या. जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी वर पाहिलं. "तुम्हीपण या, आलात तर."

आम्ही दोघं गेलो. बसने गेलो. बायकोला त्यांनी पुढे नेऊन बसवलं, मुलीला ओवाळायला लावलं. मी मागच्या रांगेत बसलो. जेवताना वाढणाऱ्या एका नातेवाइकाने त्यांना विचारलं, हे कोण? त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाईंचे मिस्टर." आणि माझ्या ताटात डाव्या हाताने श्रीखंड वाढून पुढच्या पानाकडे गेल्या.